पहिले स्केल विमान निवडताना आणि बांधताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोमच्या सराव-विमानावर ज्यांचा हात बसला आहे आणि आता खऱ्या विमानाची उडणारी प्रतिकृती स्वतः बांधावी असे ज्यांना वाटते, अशा ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. दुकानात येणाऱ्यांची पहिली मागणी बहुधा स्पिटफायर किंवा मस्टँगची असते, आणि आम्ही मात्र त्यांच्यापुढे पायपर कब, पुष्पक किंवा पुस मॉथचा आराखडा ठेवतो. लढाऊ विमानांची आवड आम्ही समजू शकतो. तरीही पहिल्या स्केल मॉडेलच्या बाबतीत आमचे मत ठाम आहे : देखणेपणाच्या आधी वजन पाहावे, आणि ते पाहण्यासाठी थोडे गणित करावे.

वजनाचा हिशेब

मॉडेल १/७ प्रमाणात करायचे ठरले, तर मूळ विमानाची लांबी आणि पंखांचा विस्तार ७ने भागला जातो, पंखांचे क्षेत्रफळ ४९ने, आणि वजन, ते घनफळाबरोबर बदलते असे धरल्यास, ३४३ने. पायपर जे-३ कबचा विस्तार १०.७४ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १६.६ चौरस मीटर आणि भरलेले वजन साधारण ५५० किलो होते. यावरून १/७ प्रमाणातील कबचा विस्तार १.५३ मीटर, क्षेत्रफळ सुमारे ३४ चौरस डेसिमीटर आणि वजन १.६ किलो येते, म्हणजे दर चौरस डेसिमीटरवर ४७ ग्रॅम भार पडतो. एवढ्या भाराचे मॉडेल वाऱ्यात शांत राहते, हळू उतरते आणि चालवणाऱ्याला विचार करायला वेळ देते.

हाच हिशेब दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायरला लावून पाहावा. तिच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, म्हणजे कबपेक्षा फार मोठा नाही. पण मधल्या काळातील आवृत्त्यांचे वजन ३,००० किलोच्या घरात होते. १/७ प्रमाणात ते पावणेनऊ किलो भरेल आणि दर चौरस डेसिमीटरवर सुमारे १९० ग्रॅम भार पडेल. अर्थात कोणीही एवढे जड मॉडेल बांधत नाही. चांगला कारागीर ते तीन किलोंत बसवतो. तरीही तिच्या पंखांची निमुळती टोके वेग कमी होताच एकाएकी उचल सोडतात, आणि जवळजवळ बसवलेल्या चाकांमुळे उतरताना मॉडेल कलंडते. ज्याने आधी एखादे सौम्य स्केल मॉडेल एक हंगाम उडवले आहे, त्याने स्पिटफायर जरूर बांधावी. आराखडा निवडण्यापासून आम्ही त्याला मदत करू.

वजनाचा संबंध वेगाशीही आहे. मॉडेलची हालचाल खऱ्या विमानासारखी दिसावी, यासाठी मूळ वेगाला प्रमाणाच्या वर्गमुळाने भागावे लागते. कबचा प्रवासी वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास होता. ७चे वर्गमूळ सुमारे २.६५, म्हणून मॉडेलचा शोभेसा वेग ताशी ४५ किलोमीटर ठरतो. जड झालेले मॉडेल हवेत टिकण्यासाठी याहून बरेच वेगाने पळवावे लागते, आणि मग रंगसंगती कितीही अचूक असली तरी आकाशात ते खेळणे वाटते.

आम्ही १/७ हे प्रमाण सुचवण्यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांच्या कक्षेत रेडिओवर चालणारी मॉडेल विमानेही येतात. शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची त्यांत स्वतंत्र व्याख्या आहे. परंतु व्यावसायिक हेतूशिवाय उडवणाऱ्याला दूरस्थ वैमानिकाच्या प्रमाणपत्रातून जी सूट आहे, ती २ किलोपर्यंतच्या विमानांसाठी आहे. १.६ किलोचा कब या मर्यादेत आरामात बसतो. त्याहून मोठे मॉडेल मनात असल्यास प्रमाणपत्र, नोंदणी आणि विमा यांविषयीची त्या वेळची स्थिती बाल्सा (मॉडेलसाठी वापरले जाणारे अतिशय हलके लाकूड) कापण्यापूर्वीच तपासावी, कारण या नियमांत दुरुस्त्या होत असतात.

तीन मूळ विमाने

पायपर कब सर्वांत सोपा, याचे मुख्य कारण म्हणजे त्याचा पंख बुंध्यापासून जवळजवळ टोकापर्यंत एकाच रुंदीचा आहे. त्यामुळे सर्व रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या, एकाच साच्यावरून कापता येतात आणि चूक झाली तर ती लगेच दिसते. पिवळा रंग आणि बाजूने धावणारी काळी वीज एवढ्यावर तो लांबूनही ओळखू येतो. ज्यांना बारकाव्यांची हौस आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : जे-३ कब एकट्याने उडवताना वैमानिक मागच्या आसनावर बसत असे. पुढच्या आसनावर बाहुली बसवलेले कब आम्हाला वारंवार पाहायला मिळतात, आणि जाणकाराची नजर प्रथम तिथेच अडते. नाकावरच्या टाकीच्या झाकणातून वर आलेली इंधनदर्शक तार आणि उजव्या बाजूचा वर-खाली उघडणारा दरवाजा हे तपशील काही ग्रॅममध्ये होतात, म्हणून ते अवश्य करावेत.

पुष्पक हे हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलेले दोन आसनी विमान १९५८मध्ये प्रथम उडाले, आणि पुढे देशातील फ्लाइंग क्लबांत अनेक वैमानिकांनी त्यावर पहिले धडे गिरवले. त्याचा विस्तार १०.९७ मीटर, म्हणजे १/७ प्रमाणात १.५७ मीटर येतो. याचे तयार संच मिळत नाहीत. छायाचित्रे आणि मापे जमवून आराखडा स्वतः काढावा लागतो, परंतु वरचा पंख, कापडी आवरण आणि शेजारी-शेजारी आसनांमुळे मिळालेली रुंद केबिन यांमुळे आत बॅटरी आणि सर्वो (पंख व शेपटीवरील हलती पाती फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) बसवायला ऐसपैस जागा मिळते. आपल्या देशातील मैदानांवर हे विमान मॉडेलरूपाने अधिक दिसावे अशी आमची मनापासून इच्छा आहे, म्हणून पुष्पक बांधणाऱ्या ग्राहकाला आराखडा मोठा करून छापून देण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.

पुस मॉथची निवड इतिहासासाठी करावी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू धावपट्टीवर उतरले ते याच जातीच्या विमानातून. त्याची नोंदणी व्हीटी-एडीएन होती, आणि पुढे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पूर्ण केला. ११.२० मीटर विस्ताराचे हे विमान १/७ प्रमाणात १.६० मीटर होते. उलट्या बसवलेल्या जिप्सी इंजिनामुळे त्याचे नाक लांब आणि सडपातळ आहे, आणि मॉडेलच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे, कारण बॅटरी पुढे सरकवून तोल साधता येतो व शिशाचे वजन घालावे लागत नाही. मूळ विमानाच्या चाकांच्या खांबांवरील आच्छादने नव्वद अंशांत वळवून हवेतील ब्रेक म्हणून वापरली जात. हौशी कारागिराला एका छोट्या सर्वोवर तेही करता येईल, पण ते दुसऱ्या हंगामासाठी ठेवावे.

बांधणी

बांधणीविषयी पहिली सूचना शेपटीची आहे. या विमानांत गुरुत्वमध्यापासून शेपटीचे अंतर नाकाच्या अंतराच्या दुप्पट-तिप्पट असते, आणि कबचे नाक तर विशेष आखूड आहे. शेपटीत दहा ग्रॅम वाढले, की नाकात वीस ते तीस ग्रॅम घालावे लागतात आणि एकूण वजन तीस-चाळीस ग्रॅमने चढते. म्हणून बाल्साचे तक्ते घरी आल्यावर प्रत्येक तक्ता स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तोलावा, सर्वांत हलके तक्ते शेपटीसाठी बाजूला ठेवावेत आणि कठीण, जड तक्ते स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यासाठी, वापरावेत. बाल्साची घनता एका गठ्ठ्यातसुद्धा दुपटीने बदलते, त्यामुळे ही निवड करण्यात गेलेली संध्याकाळ वाया जात नाही.

चिकटवण्याच्या बाबतीत आमचा आग्रह पांढऱ्या गोंदाचा आहे. सीए गोंद (सुपरग्लू) झटपट धरतो, पण सांधा ठिसूळ करतो आणि नंतर घासताना बाल्सापेक्षा कठीण रेघ राहते. मोटर जिथे बसते तो प्लायचा फायरवॉल आणि चाकांच्या तारांचा आधार एवढ्याच जागी इपॉक्सी वापरावे. अन्यत्र ते केवळ वजन आहे. पंख सपाट फळीवर टाचण्यांनी दाबून बांधावा आणि टोकांची पुढची कडा दोन अंश खाली झुकेल असा पीळ द्यावा, म्हणजे वेग घटल्यावर पंखाचे बूड आधी उचल सोडते व एलेरॉन (पंखांच्या टोकांकडची, विमान कलवणारी हलती पाती) शेवटपर्यंत हाताशी राहतात. दोन्ही पंखांतील हा पीळ सारखा आहे की नाही, हे आवरण चढवण्यापूर्वी आणि चढवल्यानंतर असे दोनदा तपासावे, कारण इस्त्रीने आवरणाची प्लास्टिक फिल्म ताणताना तो नकळत बदलतो.

आवरणासाठी कापडी पोत असलेले साहित्य मूळ विमानाशी अधिक जुळते, मात्र ते साध्या फिल्मपेक्षा जड असते. आम्ही बहुतेकांना मुख्य पंख आणि धडाला कापड व शेपटीला त्याच रंगाची फिल्म सुचवतो. चार पावलांवरून फरक कळत नाही. पावसाळ्यात बाल्सा ओल धरते, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये उघडा सांगाडा भिंतीला टेकवून ठेवू नये, तो सपाट आडवा ठेवावा.

मोटर, बॅटरी आणि तोल

१.६ किलोच्या कबला अडीचशे ते तीनशे वॅट पुरेसे आहेत. ३५ मिलिमीटर व्यासाची, सुमारे ९०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ९०० फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर, ११ बाय ५.५ इंची प्रॉपेलर, ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेगनियंत्रक) आणि तीन सेलची २२०० एमएएच लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हा मेळ आम्ही देतो, आणि संयमाने थ्रॉटल वापरल्यास त्यावर आठ ते दहा मिनिटांचे उड्डाण मिळते. मोठी मोटर मागणाऱ्यांना आम्ही परावृत्त करतो, कारण वाढीव शक्तीसोबत वाढीव वजनही येते आणि मूळ कब केवळ ६५ अश्वशक्तीवर उडत असे.

लायपोच्या प्रत्येक सेलचा पूर्ण भार ४.२ व्होल्ट असतो. सेल ३.५ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये आणि आठवडाभर उड्डाण नसेल तर तो ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. फुगलेली बॅटरी एकदाही भारित करू नये. चार्जिंग चालू असताना खोली सोडू नये आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत बॅटरी ठेवू नये, या दोन गोष्टींवर आम्ही कोणतीही सवलत मान्य करत नाही, कारण लायपोची आग पाण्याच्या बादलीने सहज विझत नाही.

कबच्या पंखाची रुंदी १/७ प्रमाणात सुमारे २३ सेंटिमीटर येते. गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ६ ते ६.९ सेंटिमीटरच्या दरम्यान असावा आणि पहिल्या उड्डाणाला तो पुढच्या मर्यादेजवळ ठेवावा. तोल तपासताना बॅटरी, बाहुली, चाके सर्व काही जागेवर असले पाहिजे. रेडिओचा संपर्क तुटल्यास थ्रॉटल शून्यावर जाईल अशी फेलसेफ मांडणी करून, ती प्रॉपेलर काढून ठेवून प्रत्यक्ष पडताळावी.

पहिले उड्डाण आणि मैदान

फोमच्या सराव-विमानावर शिकलेल्यांना कबमध्ये एक गोष्ट नव्याने शिकावी लागते, आणि ती म्हणजे रडरचा, शेपटीवरील उभ्या हलत्या पात्याचा, वापर. एलेरॉनने डावीकडे कलवले, की खाली गेलेल्या उजव्या एलेरॉनचा रोध नाकाला उजवीकडे ओढतो. त्याच क्षणी डावा रडर दिला नाही, तर मॉडेल वळणात घसरत जाते. एलेरॉनची खालची हालचाल वरच्या हालचालीच्या निम्मी ठेवल्यास हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही. जमिनीवरून सुटतानाही थ्रॉटल हळूहळू वाढवावे आणि नाक डावीकडे ओढले जाऊ लागताच उजव्या रडरने ते सरळ धरावे.

मैदान निवडताना शेतमालकाची परवानगी आणि डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरील नकाशा या दोन्ही गोष्टी लागतात. नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत उडवता येते. त्याहून उंच किंवा ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जायचे तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. पुण्यात लोहगावचा हवाई दलाचा तळ आणि मुंबईत दाट वस्तीतच असलेले विमानतळ लक्षात घेता शहराबाहेर जाणेच इष्ट आहे. उसाच्या फडाला लागून असलेली जागा मात्र टाळावी, कारण उंच उसात उतरलेले मॉडेल दहा पावलांवरूनही दिसत नाही. कुठेही उडवत असाल तरी बॅटरीवर चालणारा छोटा भोंगा रिसीव्हरला जोडून ठेवावा. मकर संक्रांतीच्या आसपास मांजा प्रॉपेलरमध्ये आणि हिंजांत अडकतो, म्हणून ते दिवस बांधणीला द्यावेत. घार जवळ आली तर वर चढण्याऐवजी हलकेच खाली उतरून तिच्या टापूतून बाहेर पडावे.

संचाची मागणी नोंदवताना मूळ विमान, हवे ते प्रमाण, आपल्याकडील रेडिओचे मॉडेल आणि आतापर्यंत कोणते विमान उडवले आहे, एवढी माहिती द्यावी, म्हणजे सर्वो आणि रिसीव्हर त्यानुसार काढता येतात. बाल्सा तक्ते निवडून, तोलून हवे असल्यास तसे कळवावे. त्याला दोन दिवस अधिक लागतात. लायपो आम्ही फक्त रस्तेमार्गे पाठवतो. सांगाडा पूर्ण झाल्यावर आवरण चढवण्यापूर्वी तो दुकानात आणल्यास पंखाचा पीळ, शेपटीचे वजन आणि फायरवॉलचा कोन आम्ही विनामूल्य तपासून देतो, आणि दुरुस्ती करायची असेल तर ती त्याच टप्प्यावर सर्वांत स्वस्तात होते.