दिवसाची आखणी (खानदेश)

दिवसाची आखणी : हाताशी असलेला वेळ आणि मनाची ताकद कोणत्या प्रहरी कोणत्या कामाला द्यायची, हे आधी ठरवून दिवस काढण्याची रीत. तिला वेळेचे नियोजनही म्हणतात. तास सगळ्यांना सारखेच मिळतात, लक्ष मात्र दिवस चढेल तसे आटत जाते, म्हणून या नोंदीत लक्षाचा विचार वेळेइतकाच केला आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे मिळून होणाऱ्या खानदेशात ही आखणी घड्याळावर बसवून भागत नाही. ती ऊन, पाणी आणि विजेच्या पाळीवर बसवावी लागते.

ऊन : एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, एखाद्या वर्षी त्याच्याही वर. तांबडे फुटायला वावरात पोचायचे, अकराच्या आत जड काम उरकायचे, दुपार सावलीत काढायची आणि उन्हे कलल्यावर उरलेले हाती घ्यायचे, असा इथला उन्हाळी दिवस. मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेत जळगाव जिल्हा प्रशासनाने भर उन्हात कामगारांना राबवण्यावर आणि खासगी शिकवण्यांच्या वेळांवर निर्बंध घातले होते. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेली गोष्ट तेव्हा कागदावर आली. बाहेरून आलेल्या माणसाला दुपारी गावात शुकशुकाट दिसतो आणि तो त्याला आळस म्हणतो. हे साफ चूक आहे. त्या गावाचा अर्धा दिवस तोवर संपलेला असतो. बैठ्या कामालाही हाच हिशेब लागू पडतो. दुपारी जेवणानंतर येणारी सुस्ती केवळ जेवणाने येत नाही, शरीराच्या रोजच्या लयीतच त्या वेळी उतार असतो. म्हणून अभ्यास, लेखन, पैशाचा हिशेब अशी डोके लागणारी कामे सकाळी घ्यावीत आणि फोन, पावत्या, आवराआवर दुपारवर ढकलावी.

पात : एकाग्रतेचा सर्वांत चांगला नमुना निंदणीत पाहायला मिळतो. कपाशीत निंदायला उतरलेल्या बायका एका रांगेत बसतात आणि प्रत्येक जण आपापली पात धरते. पात म्हणजे आपल्या वाट्याची अरुंद पट्टी. डाव्या हाताने गवत धरायचे, उजव्या हातातल्या विळ्याने मुळाशी टोचायचे, माती झटकून मागे टाकायचे आणि उकिडव्यानेच पुढे सरकायचे. गप्पा चालू असतात, पण नजर पातीवरून हलत नाही, कारण गवत आणि कपाशीचे कोवळे रोप यांत बोटभराचेच अंतर असते. पात बांधाला लागली की उठायचे, पाठ सरळ करायची, पाणी प्यायचे, मग दुसरी पात. अर्धी पात टाकून कोणी शेजारणीच्या पातीत शिरत नाही.

इटलीच्या फ्रांचेस्को सिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोमोडोरो पद्धत बसवली : २५ मिनिटे एकच काम, मग ५ मिनिटे विसावा. पातीची रीत तिच्याहून मला अधिक पटते, कारण इथे मध्ये थांबायला घंटा लागत नाही. कामाचा बांध डोळ्यांना दिसत असतो. अर्धे काम सोडून दुसरे घेण्याचा तोटा मानसशास्त्रातही नोंदला गेला आहे. संशोधक सोफी लिरॉय यांनी २००९ साली दाखवून दिले, की काम बदलले तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामात अडकून राहतो. अभ्यासिकेत पुस्तकाशेजारी मोबाइल ठेवून बसलेल्या मुलाचे नेमके हेच होते.

रोज आणि उक्ते : मजुरी रोजाने ठरते किंवा काम उक्ते, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून, दिले जाते. दिलेला वेळ भरेल इतके काम पसरत जाते, असे निरीक्षण ब्रिटिश इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली मांडले. उक्त्या कामात तसे होत नाही, ते झपाट्याने उरकते. पण मग गवताची मुळे मातीतच राहून जातात. म्हणून जाणता शेतकरी नाजूक काम रोजानेच करून घेतो. स्वतःच्या दिवसातली कामेही अशी वेगळी काढता येतात : काहींना मुदत बांधावी, काहींना मोकळा वेळ द्यावा.

घटिका : वेळ तुकड्यांत मोजणे या भागाला नवे नाही. दिवसरात्रीच्या ६० घटिका, एक घटिका २४ मिनिटांची. बुडाला बारीक छिद्र असलेले भांडे पाण्यावर सोडायचे, ते भरून बुडाले की घटिका झाली. काळाच्या गणिताचा अभ्यासही इथे जुना आहे : चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेखात गणिती व ज्योतिर्विद भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ साली मठ स्थापल्याची नोंद आहे.

ठरलेला वार : धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. अठरा रविवार, अठरा अध्याय. मोठे काम ठरलेल्या वारी थोडे थोडे करत गेल्यास किती पुढे जाते, याचे खानदेशातले याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

विजेची पाळी : सगळी आखणी मोडते ती इथे. शेतीपंपांना थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि अनेक वर्षे ती पाळीपाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री मिळत आली. रात्रीच्या पाळीत केळीला पाणी भरणारा माणूस बॅटरी घेऊन सापा-विंचवाच्या रानात फिरतो. मोबाइलवर चालणाऱ्या स्टार्टरमुळे मोटार घरून चालू करता येते. पण पाइप फुटला की उठून जावेच लागते. भुसावळचा रेल्वे कर्मचारी किंवा दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातला कामगार रात्रपाळी करून येतो, त्याचीही गत तीच. अशा माणसाला ‘पहाटे उठा’ हा सल्ला देणे अन्यायाचे आहे. त्याने आधी झोप पुरी करावी, डोके लागणारे काम झोपेनंतरच्या पहिल्या तासांत घ्यावे, आणि घरच्यांनी तोवर त्याचा फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. सौर कृषी वाहिन्यांमुळे काही भागांत आता दिवसा वीज मिळू लागली आहे. तिथे पाणी सकाळी भरले जाते आणि शेतकऱ्याची रात्र झोपेसाठी मोकळी राहते.