एचओ आणि ओओ: डब्यात नक्की कोणाला बसवायचं?

मॉडेल रेल्वेच्या डब्यांत बसवायला स्वस्तातले प्रवासी ऑनलाइन शोधायला गेलात, तर पाकिटावर हमखास ‘एचओ/ओओ’ असं एका दमात लिहिलेलं दिसेल. विकणाऱ्याच्या लेखी ती एकच गोष्ट आहे. प्रत्यक्षात ही मॉडेलची दोन वेगळी मापं आहेत: एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान, आणि ओओ म्हणजे १:७६. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस एचओत साधारण २० मिलिमीटरचा होतो, ओओत २३ मिलिमीटरचा. तीन मिलिमीटर म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण उंची १४ टक्क्यांनी वाढते तेव्हा रुंदी आणि जाडीही तेवढीच वाढते, आणि तिन्ही मिळून ओओचा माणूस एचओवाल्याच्या जवळजवळ दीडपट आकारमानाचा भरतो. दोघांना शेजारी उभं केलं की शाळकरी पोरालाही कळतं. पाकिटाच्या फोटोत मात्र काहीच कळत नाही.

घोळाचं मूळ रुळांत आहे. दोन रुळांमधलं अंतर म्हणजे गेज, आणि खरी वस्तू किती पटीने लहान केली ते म्हणजे स्केल. एचओ आणि ओओ यांची स्केल वेगळी, पण दोन्ही गाड्या धावतात त्याच १६.५ मिलिमीटरच्या रुळावर. त्यामुळे इंजिन रुळावर बसलं, डबे जोडले, गाडी फिरली, म्हणजे सगळं जुळलं असं वाटतं. रूळ इथे साक्षीला काही कामाचे नाहीत.

हे असं का झालं, तो किस्सा मजेशीर आहे. युरोपातलं स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटरचं. त्याला ८७ ने भागलं की १६.५ येतात, एचओचा हिशेब चोख बसतो. त्याआधीचं मोठं माप ‘ओ’, ते ब्रिटनमध्ये खऱ्या फुटाला ७ मिलिमीटर असं धरत. एचओ म्हणजे त्याच्या निम्मं, फुटाला साडेतीन. ब्रिटिशांनाही हेच वापरता आलं असतं, पण त्यांचे पूल आणि बोगदे जुने व अरुंद, म्हणून त्यांची खरी इंजिनंही युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. १९२० आणि ३० च्या दशकांत मिळणाऱ्या विजेच्या मोटर साडेतीन मिलिमीटरच्या हिशेबाने केलेल्या ब्रिटिश इंजिनाच्या पोटात मावेनात. मग त्यांनी गाडीचं अंग वाढवून फुटाला ४ मिलिमीटर केलं आणि रूळ होते तेच ठेवले. खरं तर ओओला १८.८३ मिलिमीटरचा रूळ हवा. १९३८ साली आलेल्या ‘हॉर्नबी डब्लो’ या मॉडेल गाड्यांच्या मालिकेने ही तडजोड ब्रिटनमध्ये पक्की करून टाकली आणि ती आजतागायत चालू आहे.

आपण यावर हसण्यात अर्थ नाही. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, म्हणजे एचओत रूळ १९ मिलिमीटरच्या वर जायला हवा. आपल्याकडचे हौशी लोकही भारतीय डबे १:८७ मध्ये करतात आणि बाजारात मिळतो म्हणून १६.५ च्याच रुळावर चालवतात. डबा योग्य, रूळ अरुंद, ब्रिटिशांचीच गत.

शिक्का मारणाऱ्यांनीही गोंधळ कमी केलेला नाही. मेर्क्लिन या जर्मन कंपनीने १९३५ साली आपली छोटी गाडी आणली तेव्हा तिला ‘००’, म्हणजे ओओच, म्हटलं होतं, एचओ हे नाव नंतर आलं. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या प्लास्टिकच्या सैनिकांच्या खोक्यांवर ‘एचओ-ओओ’ असं जोडनाव होतं, आणि ते सैनिक मापाला ओओच्या जवळचे. बाखमन कंपनीची अमेरिकी बाजारासाठीची माणसं एचओ, तर ब्रिटिश बाजारासाठीची ओओ, नाव तेच. ढोबळ नियम सांगायचा तर जर्मन पाकीट (प्रायझर, नोख) बहुतेक वेळा एचओ निघतं आणि ब्रिटिश पाकीट ओओ. अर्थात या कंपन्या इतर मापांतही माणसं विकतात, म्हणून आकडा वाचायचाच. चिनी निनावी पाकिटावर मात्र आकड्याचाही भरवसा नाही. कुठे १:८७ लिहिलेलं असतं, कुठे १:७५, आणि १:८७ च्या पिशवीतून निघालेला माणूस २३ मिलिमीटरचा भरू शकतो. विक्रेत्याने माणसाची उंची मिलिमीटरमध्ये दिली असेल तर तिच्यावर जास्त विश्वास ठेवावा. २० च्या आसपास असेल तर एचओ, २३ च्या आसपास असेल तर ओओ.

आता चूक झालीच तर ती कितपत महागात पडते? इथे दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली कामाची गोष्ट हीच आहे. ओओचा पावणेदोन मीटरचा माणूस एचओच्या डब्यात बसवला तर त्या डब्याच्या दुनियेत तो पूर्ण दोन मीटर उंच होतो. असा एखादा खपेल, पण अख्खा डबा भरला तर बास्केटबॉलचा संघ दौऱ्यावर निघाल्यासारखा दिसतो. उलट एचओचा तोच माणूस ओओच्या डब्यात बसवला तर तो १५३ सेंटिमीटरचा, म्हणजे पाच फुटांचा होतो. पाच फुटी माणसं गाडीत असतातच, आपल्याकडे तर पुष्कळच. लहानखुरा माणूस बाकावर बसलेला, खिडकीआडून अर्धाच दिसणारा. कोण मोजायला जातंय? म्हणून मन द्विधा असेल तर छोटं माप घ्या. डब्याच्या आत लहान चालून जातं, मोठं नाही.

मोठं न चालण्याचं कारण फक्त दिसण्यात नाही. ते आत मावतच नाही. मॉडेलचा डबा आतून खऱ्यापेक्षा बराच अडचणीचा असतो. एक मिलिमीटरची प्लास्टिकची भिंत म्हणजे एचओत पावणेनऊ सेंटिमीटरची भिंत झाली, आणि ती दोन्ही बाजूंना. खाली वजनाची पट्टी असते, बोगीचा, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्याचा, खुंटा वर आलेला असतो, दिव्याची सोय असेल तर तारा असतात. या सगळ्यांवर जमीन चढवलेली. बाकं म्हणजे बऱ्याचदा एका साच्यातून काढलेले बुटके उंचवटे, ज्यांच्या पुढे पाय सोडायला जागाच नाही. लांबीत तर उघड काटछाट चालते. जर्मनीचे २६.४ मीटरचे डबे एचओत ३०३ मिलिमीटरचे व्हायला हवेत, पण टेबलावरच्या वळणांत मावावेत म्हणून २८२ किंवा २६४ मिलिमीटरचेही विकले जातात. खिडक्या तितक्याच ठेवल्या की बाकं जवळ येतात आणि गुडघे पुढच्या बाकाला टेकतात. मग बरोबर मापाचा एचओचा माणूसही तिथे सुखाने बसत नाही.

यावर उपाय निर्दयी आहे, पण सगळे तोच करतात: पाय कापायचे. गुडघ्याखालचा भाग, आणि अगदीच अडलं तर मांड्याही. नेलकटर चालतो, साइड कटर असेल तर उत्तम. बसलेल्या माणसाचं डोकं बाकापासून एचओत साधारण १० मिलिमीटर वर येतं, ओओत १२ च्या आसपास. पट्टीवरचे हे दोनच आकडे लक्षात ठेवले तरी पुरे. बाकापासून खिडकीच्या वरच्या कडेपर्यंत किती जागा आहे ते मोजा. डोकं त्या कडेच्या वर गेलं तर बाहेरून फक्त धड दिसतं, आणि ते दृश्य भयंकर असतं. अशा वेळी बुडाखालूनही मिलिमीटरभर घासून काढता येतं. प्रवाशांची तक्रार येत नाही.

भारतीय डब्यांच्या बाबतीत आणखी एक फसगत आहे. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, डबा २१.३ मीटर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद; १:८७ मध्ये तो सुमारे २४५ मिलिमीटर लांब आणि ३७ मिलिमीटर रुंद होतो. ब्रिटिश रेल्वेचा मार्क वन डबा खरा बघितला तर लहान, साधारण १९.३ मीटर लांब आणि पावणेतीन मीटर रुंद. पण ओओत तो २५४ मिलिमीटर लांब आणि ३६ मिलिमीटर रुंद होतो. म्हणजे दोन वेगळ्या स्केलचे दोन डबे शेजारी ठेवले तर आकाराने भावंडं वाटतील. बाहेरून पट्टी लावून ‘दोन्ही सारखे, तर माणसंही सारखी’ असा निष्कर्ष काढला की झालंच. दार बघा. ज्या दारातून माणूस न वाकता जातो ते एचओत साधारण २२ मिलिमीटरचं असतं, ओओत २५ च्या घरात.

भारतीय डब्याचा एक फायदाही आहे. आयसीएफच्या साध्या स्लीपर डब्याच्या खिडक्यांना आडव्या सळ्या असतात. त्या सळ्यांमागचा माणूस नीट दिसतच नाही. रंगाचा ठिपका, डोकं, खांदा एवढंच दिसतं. इथे महागडी, डोळ्याची बाहुली रंगवलेली माणसं बसवणं म्हणजे पैशाची उधळपट्टी. हिशेब करा: स्लीपरला ७२ जागा. चांगल्या कंपनीची रंगवलेली माणसं बहुधा सहा-सहाच्या पाकिटात येतात, म्हणजे एका डब्याला १२ पाकिटं, आणि गाडीला डबे किती? त्या एका पाकिटाच्या पैशात न रंगवलेली शंभर निनावी माणसं सहज येतात. घेताना ‘बसलेली’ असं लिहिलेलंच पाकीट बघायचं. मिश्र पाकिटात उभ्यांचीच भरती असते.

उभ्यांनाही काम आहे, विशेषतः मुंबई लोकल करणाऱ्यांना. रिकाम्या दाराची लोकल बघवत नाही. पण डब्यातली जमीन चढलेली असल्यामुळे एचओचा उभा माणूसही छताजवळ पोचतो आणि ओओचा तर मावतच नाही. इथे पाय कापून चालत नाही, कारण दारातल्या माणसाचे पायच आधी दिसतात. मग कामाला येतात १:१०० ची माणसं, जी आर्किटेक्चरचे विद्यार्थी इमारतींच्या मॉडेलांसाठी घेतात. तो साडेसतरा मिलिमीटरचा माणूस एचओत पाच फुटांचा होतो. दाराच्या आतल्या गर्दीत, मागच्या रांगेत, मधल्या जागेत तो खुशाल उभा राहतो. ओओत मात्र तो १३३ सेंटिमीटरचा, म्हणजे शाळेतलं पोर होतो. तिथे त्याला पोर म्हणूनच वापरावं.

प्लॅटफॉर्मवर ही सगळी सवलत संपते. तिथे माणूस आख्खा दिसतो, शेजारी दुसरा माणूस असतो, मागे डब्याचं दार असतं, आणि नजर आपसूक तुलना करते. प्लॅटफॉर्मवर एचओ आणि ओओ मिसळू नयेत. फारच गरज पडली तर दोन गट लांब ठेवावेत, मोठी माणसं बघणाऱ्याच्या बाजूला आणि छोटी मागे, म्हणजे ती लांब असल्याचा भास होतो. चांगल्या रंगवलेल्या माणसांवर पैसे घालायचे असतील तर इथे घालावेत, डब्यात नव्हे.

रंगकाम डब्यापुरतं तरी मनावर घेऊ नये, पण एक थर हवाच. पांढरं पातळ प्लास्टिक आतून एलईडी लावली की कंदिलासारखं उजळतं. आधी राखाडी किंवा गडद प्रायमरचा फवारा मारला की ते थांबतं. मग ॲक्रिलिकचे चार-पाच मळके रंग पुरतात. चकचकीत रंग टाळावेत. या पाकिटांतले पुरुष सुटात आणि बायका स्कर्टमध्ये असतात. बसलेल्या बाईला साडी नेसवणं सोपं आहे: टिश्यू पेपरची अरुंद पट्टी पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून खांद्यावरून सोडायची, वाळल्यावर रंगवायची. सळ्यांमागून पदर बरोबर कळतो. स्वस्त पाकिटात बसण्याच्या तऱ्हाही मोजक्याच असतात, म्हणून एकाच साच्याचे दोन भाऊ शेजारी बसवू नयेत. एखाद्याचं डोकं कापून किंचित वळवून चिकटवलं तरी माणूस बदलतो. आणि सगळ्या जागा भरायच्या की नाहीत, ते गाडीवर आहे. ब्रिटनच्या दुपारच्या लोकलमध्ये ६४ जागांवर वीस माणसं शोभतात. आपल्या स्लीपरमध्ये ७२ जागांवर ७२ म्हणजे गाडी जरा रिकामीच.

चिकटवताना फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद बंद डब्यात वापरू नये. त्याच्या वाफेने खिडक्यांच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरं धुकं धरतं आणि ते पुसून जात नाही. साधा फेव्हिकॉल वाळायला वेळ घेतो, पण माणूस सरळ करायला सवडही देतो, आणि पुढे कधी काढावासा वाटला तर पातीने उचलताही येतो. सगळ्यांना बसवून झालं की गोंद लावण्याआधी छत एकदा नुसतं टेकवून बघा. ते कुठे किंचित वर राहिलं, तर खाली कोणीतरी ओओचा आहे.