कॅमेऱ्याचा पासवर्ड कोणी बदलायचा होता?

२१ ऑक्टोबर २०१६. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळी ट्विटर उघडेना, नेटफ्लिक्स आणि रेडिटही अडखळू लागले. या साइटचे सर्व्हर धडधाकट होते. कोलमडली होती डिन ही कंपनी. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणं हे तिचं काम. तिच्यावर खोट्या विनंत्यांचा लोंढा आला होता, आणि तो पाठवत होते घरांतले, दुकानांतले कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर, राउटर.

त्यांना कामाला जुंपणारा 'मिराई' हा मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, त्याच ऑगस्टमध्ये उघडकीला आला होता. त्याची रीत धक्का बसावा इतकी साधी. टेलनेटचं, म्हणजे दुरून उपकरणात शिरण्याच्या जुन्या सोयीचं, दार उघडं असलेली उपकरणं शोधायची आणि कारखान्यातूनच घातलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या लावून बघायच्या: 'ॲडमिन-ॲडमिन', 'रूट-१२३४५६' अशा. एक जोडी लागली की उपकरण ताब्यात, आणि तेही पुढची सावजं हेरू लागतं. ऐन भरात अशी सुमारे ६ लाख उपकरणं त्याच्या मुठीत होती.

'लोक पासवर्ड बदलत नाहीत' असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. चीनमधल्या हांगचौच्या शिओंगमाई कंपनीचे सुटे भाग अनेक ब्रँडच्या कॅमेऱ्यांत होते. त्यांत टेलनेटचा पासवर्ड फर्मवेअरमध्येच, म्हणजे उपकरणाच्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्येच, कोरलेला. मालकाने स्क्रीनवर दिसणारा पासवर्ड बदलला, तरी हा तसाच राहायचा. मिराई फक्त मेमरीत राहत असल्याने उपकरण बंद-चालू केलं की जायचा, पण दार उघडंच असल्यामुळे काही मिनिटांत परतायचा.

मुळात हे शस्त्र घडलं माइनक्राफ्ट खेळाच्या सर्व्हरवाल्यांच्या चढाओढीतून. तिघा तरुणांनी ते बनवलं. त्यांतल्या रटगर्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने आपल्याच विद्यापीठाचं नेटवर्क वारंवार पाडलं होतं. सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस त्यांनी मिराईचा सोर्स कोड जगजाहीर केला, आणि तीनच आठवड्यांत डिनवर घाला पडला, तोही दुसऱ्याच हातांनी. नोव्हेंबरमध्ये मिराईच्या एका नव्या अवताराने जर्मनीच्या डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर ठप्प केले. तिघांनी २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला.

अशा उपकरणांच्या सुरक्षेचे कायदे रेंगाळत आले. कॅलिफोर्नियाचा जानेवारी २०२० पासून लागू झाला. सगळ्या उपकरणांना एकच सोपा पासवर्ड देण्यावर ब्रिटनने बंदी आणली ती एप्रिल २०२४ मध्ये. भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना विक्रीआधी सुरक्षा चाचणी सक्तीची झाली एप्रिल २०२५ पासून. भिंतींवर आधीच बसलेल्या कॅमेऱ्यांना ती लागू नाही.