सहाशे पन्नास की सहाशे त्रेपन्न? विषयशीर्षक आणि कीवर्ड यांतली गल्लत

विद्यापीठ ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत (कॅटलॉगमध्ये) 'ताण' हा शब्द टाकून पाहिला, तर दोन भलत्याच जातींचे प्रबंध शेजारी शेजारी येतात. एक मानसशास्त्राचा, परीक्षेच्या काळातल्या मानसिक ताणावरचा. दुसरा स्थापत्य अभियांत्रिकीचा, पुलाच्या गर्डरमधल्या ताणावरचा. दोन्ही नोंदींत 'ताण' हा कीवर्ड आहे आणि दोन्हीकडे तो बरोबरच आहे. चूक कीवर्डची नाही. विषयशीर्षकाचं काम त्याच्या गळ्यात मारलं, ही चूक.

नोंदीत दोन्ही गोष्टी एकाखाली एक दिसतात, दोन्हींवर क्लिक करता येतं, म्हणून गल्लत होते. कीवर्ड हा लेखकाचा शब्द: त्याला सुचला तसा, कुठल्याही यादीशी न ताडलेला. विषयशीर्षक हा यादीतला शब्द: एका कल्पनेसाठी ठरवलेलं एकच नाव. त्या नावाखाली त्या विषयावरचं आपल्याकडचं सगळं साहित्य मिळेल, ही ग्रंथालयाने दिलेली हमी असते. यादी अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची असो, वैद्यकाची मेश असो की लहान ग्रंथालयांसाठीची सीअर्स, तत्त्व तेच.

वरचे दोन प्रबंध लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीत शोधले तर वाटा लगेच फुटतात. पहिल्याचं शीर्षक 'स्ट्रेस' आणि पुढे कंसात 'सायकॉलॉजी'. दुसऱ्याचं 'स्ट्रेन्स अँड स्ट्रेसेस', जोडीला 'गर्डर्स' आणि 'फायनाइट एलिमेंट मेथड'. विद्यार्थ्याने दिलेले कीवर्ड मात्र असे होते असं धरू: ताण, विश्लेषण, अभ्यास, एफईएम, पूल. यातले 'विश्लेषण' आणि 'अभ्यास' कुठल्याही प्रबंधाला चिकटवता येतात, म्हणजे ते कुणाच्याच कामाचे नाहीत. 'एफईएम', म्हणजे 'फायनाइट एलिमेंट मेथड'चा संक्षेप, मात्र राखून ठेवण्यासारखा आहे. त्या शाखेतला माणूस शोधपेटीत नेमकं हेच टाइप करतो.

आता नोंदीच्या पोटात शिरू. मार्क हा ग्रंथालयाच्या संगणकीय नोंदींचा ठरलेला साचा. मार्क नोंदीत विषयशीर्षक ६५० या टॅगमध्ये, म्हणजे क्रमांक दिलेल्या रकान्यात, बसतं आणि मुक्त शब्द ६५३ मध्ये. व्यक्ती हा विषय असेल तर ६००, संस्था असेल तर ६१०, ठिकाण असेल तर ६५१. ६५० चा दुसरा इंडिकेटर (टॅगपुढचा खुणेचा अंक) फार महत्त्वाचा, कारण शब्द कुठल्या यादीतून आला ते तो सांगतो: ० म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेस, २ म्हणजे मेश, ४ म्हणजे स्रोत सांगितलेला नाही, आणि ७ असेल तर यादीचा कोड सबफील्ड २ मध्ये, म्हणजे रकान्याच्या त्या पोटभागात, लिहायचा. घाईच्या नोंदणीत विद्यार्थ्याचे कीवर्ड ६५० मध्ये ओतले जातात आणि इंडिकेटर सवयीने ० राहतो. हे सरळ सरळ खोटं प्रमाणपत्र आहे. ती नोंद अनेक ग्रंथालयांच्या संयुक्त तालिकेत गेली की पुढचं सॉफ्टवेअर त्या शून्यावर विश्वास ठेवतं. वाचक 'अभ्यास' या 'विषयावर' क्लिक करतो तेव्हा त्याला एक तर तीच एक नोंद मिळते, नाही तर चारशे असंबद्ध नोंदी.

दुसरी चूक डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. उपविभाग असलेलं शीर्षक सबफील्डांत तोडून लिहायचं असतं: मुख्य शब्द ए मध्ये, विषयाचा उपविभाग एक्स मध्ये, ठिकाण झेड मध्ये, काळ वाय मध्ये, स्वरूप व्ही मध्ये. मधल्या दुहेरी रेघा सॉफ्टवेअर दाखवताना आपोआप घालतं. नवीन माणूस पडद्यावर दिसतं तसंच, रेघांसकट, अख्खं शीर्षक ए मध्ये टाइप करतो. पडद्यावर दोन्ही नोंदी हुबेहूब सारख्या. पण ऑथॉरिटी नोंदीशी (मान्य शीर्षकाच्या मूळ नोंदीशी) जोडणी होत नाही आणि ठिकाणानुसार गाळणी लावली की ही नोंद गळून पडते.

विषयशीर्षकाची खरी ताकद त्या ऑथॉरिटी नोंदीत असते. तिच्यात १५० मध्ये मान्य शीर्षक, ४५० मध्ये 'पाहा' म्हणून वळवलेले बाकीचे शब्द आणि ५५० मध्ये 'हेही पाहा' म्हणून जोडलेले व्यापक, संकुचित वा संबंधित विषय. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये 'कुकरी' हे शीर्षक बदलून 'कुकिंग' केलं. जिथे नोंदी ऑथॉरिटीला जोडलेल्या होत्या तिथे एक नोंद दुरुस्त केली की खालच्या सगळ्या बदलता येतात. कीवर्डना असा मालकच नसतो, ते एकेक करून शोधत बसावे लागतात. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ६५० चं सबफील्ड ९ पाहावं. ऑथॉरिटी नोंदीचा क्रमांक तिथे बसतो. ते रिकामं असेल तर शीर्षक दिसतं खरं, पण कशालाच बांधलेलं नसतं. आणखी एक खाचखळगा: ४५० मधले शब्द साध्या शोधात आपोआप येतीलच असं धरून चालू नये. कोहात त्यासाठी 'इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस' ही वेगळी सेटिंग आहे. ती चालू केल्यावर सगळ्या नोंदींचं पुन्हा इंडेक्सिंग करावं लागतं, म्हणजे शोधासाठीची सूची नव्याने बनवावी लागते. नुसतं बटण दाबून 'काही फरक पडला नाही' म्हणणारे बरेच जण ही दुसरी पायरी विसरलेले असतात.

'हल्ली सगळे कीवर्डनेच शोधतात, मग विषयशीर्षकं कशाला?' हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. कीवर्ड शोध म्हणजे नोंदीतल्या जवळपास सगळ्या रकान्यांत घेतलेला शोध, आणि त्या रकान्यांत विषयशीर्षकही येतं. टीना ग्रॉस आणि आर्लीन टेलर या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये हेच मोजून दाखवलं: कीवर्ड शोधात सापडलेल्या नोंदींपैकी एक तृतीयांशाहून अधिक नोंदी, विषयशीर्षकं काढून टाकली तर सापडल्याच नसत्या. शोधणाऱ्याला शीर्षकाची यादी माहीत नसली तरी त्याचं काम त्यावरच भागत असतं.

मग किती शीर्षकं द्यायची? लायब्ररी ऑफ काँग्रेसचा दंडक असा की ग्रंथाचा निदान २० टक्के भाग ज्या विषयाने व्यापला असेल त्यालाच शीर्षक द्यावं. साधारण सहापर्यंत पुरेत आणि दहाच्या वर जाऊ नये. शिवाय शीर्षक ग्रंथाइतकंच नेमकं हवं, ही तर अमेरिकी ग्रंथपाल चार्ल्स कटरने १८७६ मध्ये घालून दिलेली वाट. मांजरांवरच्या पुस्तकाला 'मांजर' द्यायचं, वर 'सस्तन प्राणी' लावायचं नाही. तसं लावत गेलं की 'सस्तन प्राणी' या शीर्षकाखाली खरोखर सस्तन प्राण्यांवर असलेली पुस्तकं बुडून जातात.

कीवर्डला या २० टक्क्यांच्या नियमाचं बंधन नाही, आणि इथेच तो विषयशीर्षकाला मागे टाकतो. प्रबंधातल्या एकाच प्रकरणात वापरलेलं उपकरण, संक्षेप, रसायन, लहानसं गाव, यादीत अजून न पोहोचलेली नवी संज्ञा, हे सगळं ६५३ मध्ये हक्काने जावं. ग्रंथनामात आलेला शब्द पुन्हा कीवर्डमध्ये भरण्यात मात्र वेळ घालवू नये, कारण ग्रंथनामाचं इंडेक्सिंग होतंच. प्रबंध स्वीकारतानाच्या अर्जावर 'कीवर्ड द्या' एवढंच छापलं की विद्यार्थी ग्रंथनामाचेच तुकडे करून देतो. त्याऐवजी 'ग्रंथनामात नसलेले पाच ते आठ शब्द: पद्धत, साधन, ठिकाण, संक्षेप, पर्यायी नाव' असं छापावं. अर्जातल्या एका ओळीने तालिकाकाराचं पुष्कळ काम वाचतं.

संस्थात्मक भांडारात, म्हणजे संस्थेचे प्रबंध-लेख ऑनलाइन ठेवण्याच्या जागी, हाच घोळ वेगळ्या रूपात येतो. डीस्पेस या भांडाराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'सब्जेक्ट' या रकान्याला मेश, एलसीएसएच (लायब्ररी ऑफ काँग्रेसची यादी), अदर अशा पोटजाती आहेत. यादीतले शब्द आणि मुक्त शब्द त्यांत वेगळे ठेवता येतात. पण ओएआय मार्गाने (नोंदी इतर यंत्रणांना पुरवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) साध्या डब्लिन कोर या मोजक्या रकान्यांच्या साच्यामध्ये नोंदी बाहेर जातात तेव्हा हा भेद पुसला जातो आणि सगळे शब्द नुसते 'सब्जेक्ट' होतात. म्हणून वेगळेपण आपल्या मूळ नोंदीत जपायचं, बाहेरच्या प्रतीवरून ते परत मिळत नाही. त्याहून रोजची चूक म्हणजे पाच कीवर्ड स्वल्पविराम देऊन एकाच चौकटीत भरणं. डाव्या बाजूच्या गाळणीत मग 'ताण, पूल, एफईएम' अशी अख्खी ओळ एकच विषय म्हणून उभी राहते, पुढे आकडा १. सीएसव्हीने (तक्त्याच्या साध्या फाइलने) एकगठ्ठा दुरुस्ती करताना दोन शब्दांमध्ये दोन उभ्या रेघा द्याव्या लागतात, तेव्हाच डीस्पेस ती दोन वेगळी मूल्यं मानतं. आधी ओपनरिफाइन या माहिती साफ करण्याच्या साधनामध्ये स्वल्पविरामावर तोडून, क्लस्टरिंगने एकसारखे शब्द एकत्र करून घेतले तर काम लवकर उरकतं. पण प्रत्येक क्लस्टर डोळ्यांखालून घालूनच मान्य करावा.

मराठी नोंदींत एक अडचण जास्तीची. 'हिंदी' आणि 'हिन्दी' संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात, हे निदान दिसतं तरी. 'शेतकऱ्यांचे' या शब्दातला अर्धा र मात्र दोन प्रकारे टाइप होतो: एकात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. कागदावर अक्षर तेच, आतले कोड वेगळे. युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपात बदलूनही हे दोन प्रकार एक होत नाहीत. विषयशीर्षकाच्या बाबतीत हे एकदाच निस्तरायचं: ऑथॉरिटी नोंदीत एक रूप १५० मध्ये, दुसरं ४५० मध्ये. कीवर्ड साफ करताना शोधा-बदलाचा नियम लिहून दर खेपेला चालवावा लागतो, कारण पुढच्या महिन्यात दुसऱ्या कीबोर्डवरून नवे प्रबंध येणारच.

हाताशी माणसं कमी असतील, आणि बहुतेक ठिकाणी असतातच, तर सगळ्या जुन्या नोंदी उपसायला घेऊ नयेत. ६५० मधली फक्त एकदाच वापरलेली शीर्षकं अहवालातून बाहेर काढावीत. त्यांतली काही नेमकी आणि रास्त असतील, ती तशीच ठेवावीत. बाकीच्यांत टंकनचुका, एकवचन-अनेकवचनाची जोडपी आणि घुसलेले कीवर्ड सापडतात. घुसलेले कीवर्ड ६५३ मध्ये हलवावेत, पुसून टाकू नयेत. दुसरीकडे वाचकांनी काय शोधलं याच्या लॉगमधून शून्य निकाल मिळालेले शब्द महिन्यातून एकदा पाहावेत. त्यातला जो शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि ज्याचा विषय आपल्याकडे दुसऱ्या नावाने आहे, तो ऑथॉरिटी नोंदीच्या ४५० मध्ये टाकायचा, इंडेक्सिंग करायचं आणि तोच शब्द शोधपेटीत टाकून खात्री करायची.