ट्रॅक्टरच्या टायरमध्ये पाणी भरायला येण्याआधी एवढं वाचा

पलटी नांगराचा सीझन आला की इंदूरला आमच्या दुकानावर सांवेर, देपालपूर, महूकडून रोज कोणीतरी येतंच, "भाऊ, चाक जागेवर फिरतंय, पाणी भरून द्या". भरून देतो, त्यात काही चूक नाही. नांगर ओढताना चाक घसरू नये म्हणून मागे वजन लागतंच, आणि पाणी म्हणजे वजनच. पण आम्ही आधी विचारतो की कोणतं अवजार लावणार, तर काही लोकांना राग येतो.

विचारतो कारण मोठी चूक पुढे होते. एकदा भरलेलं पाणी कोणी काढतच नाही. मागच्या एका टायरमध्ये दीडशे लिटर म्हटलं तरी दोन्हीत ३०० किलो झाले, नांगरणी संपली तरी तेच घेऊन सोयाबीनची पेरणी, मग फवारणी, सगळं ओल्या काळ्या मातीत. एक्सलवरचं वजन खोलवर दाबतं, ते टायरची हवा कमी करून जात नाही. खाली कडक थर बसतो, मुळं अडतात, पाणी वर साचतं, डिझेल जातं ते वेगळंच. रोटावेटरला (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) तर ओढायला वजन लागतच नाही, तो उलट ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, फक्त उचलताना पुढचं तोंड हलकं पडलं तर पुढच्या बंपरला वजनाच्या प्लेटा लावा.

वजन बरोबर आहे का ते घरीच बघता येतं. मागच्या टायरवर चुन्याची रेघ मारा, नांगर मातीत घालून चाकाचे १० फेरे चाला आणि दोन्ही टोकांना खुणा करा, मग नांगर उचलून त्याच गियरमध्ये तेवढंच अंतर चालून फेरे मोजा. साडेआठ ते नऊ आले तर छान. आठ किंवा कमी आले तर वजन कमी पडतंय, साडेनऊच्या वर गेले तर जास्त झालंय. आणि हे वाफसा आल्यावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना करा, चिखलात चाक फिरणारच, तिथे वजन घालणं म्हणजे शेत दाबणं.

घरी नळी लावून टायर गच्च भरू नका हो. वाल्व वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंतच, म्हणजे साधारण ७५ टक्के, बाकी हवा पाहिजेच, नाहीतर टायर दगडासारखा कडक होतो आणि ट्यूबवर धक्का बसतो. पाणी भरलेल्या टायरची पंक्चर आली की आधी सगळं पाणी काढावं लागतं, अर्धा दिवस त्यातच जातो, म्हणून त्याचे पैसे वेगळे घेतो.

आमचं म्हणणं, ज्यांची पेरणी-फवारणी जास्त आहे त्यांनी पाण्याऐवजी चाकाच्या लोखंडी प्लेटा घ्याव्यात, पहिल्यांदा महाग वाटतात पण पाहिजे तेव्हा उतरवता येतात. आमच्याकडून घेतल्यात तर पेरणीआधी उतरवून आणि नांगरणीला परत चढवून देतो, त्याचे पैसे नाही घेत. येताना टायरचा साइज आणि अवजार कोणतं ते लिहून आणा, दोन्ही टायरला वजन सारखंच लावावं लागतं.