फुंकून भरणारी फुप्फुसं आणि ओढून भरणारी

ठाण्यातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात फुप्फुसांचं मॉडेल असतंच, आणि बहुतेकदा दोन तऱ्हांचं. एकात पुठ्ठ्यावर चिकटवलेले दोन फुगे आणि वर स्ट्रॉ. पोरं फुंकतात, फुगे फुगतात. दुसऱ्यात तळ कापलेली पाण्याची बाटली, आत फुगे आणि तळाला ताणून बसवलेला अर्धा फुगा. सगळं सामान जांभळी नाक्यावर मिळतं. पालक दोन्हींना ‘छान’ म्हणून पुढे सरकतात. पण ही दोन मॉडेल एकाच गोष्टीची नाहीत.

बाटलीत कुणी हवा भरत नाही. तळाचं रबर खाली ओढलं की आतली जागा वाढते, दाब उतरतो आणि बाहेरची हवा नळीतून फुग्यांत शिरते. आपल्या छातीत हेच घडतं. श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकतं, बरगड्या वर-बाहेर उचलल्या जातात. शांत श्वास घेताना फुप्फुसांतला दाब बाहेरच्यापेक्षा पाऱ्याच्या जेमतेम 1 मिलिमीटरने घटतो; तेवढ्यावर मोठ्या माणसाच्या आत साधारण 500 मिलिलीटर हवा येते. हवा भरली म्हणून छाती फुगली, असं मुलं सांगतात. क्रम उलटा आहे: आधी छाती रुंदावते, मग हवा येते.

मग स्ट्रॉवालं मॉडेल टाकाऊ का? मुळीच नाही, फक्त पाटी बदला: ‘व्हेंटिलेटर’. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांच्या पद्धतीने रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घातली गेली आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून हवा आत ढकलत राहिले. त्याआधीची, 1928 पासूनची ‘लोखंडी फुप्फुसं’ मात्र बाटलीच्या जातीची: डोकं बाहेर, धड पेटीत, आणि पेटीतला दाब कमी-जास्त करायचा.

बाटलीचं मॉडेलही सगळं खरं सांगत नाही. तिच्या भिंती हलत नाहीत, म्हणजे बरगड्यांचं काम गायब. फुगे आणि बाटली यांच्यात भरपूर मोकळी हवा असते. शरीरात तिथे दोन आवरणांमध्ये द्रवाचा पातळ थर असतो.

तरी परीक्षकांसमोर तिचाच एक प्रयोग करावा. बाटलीच्या कुशीला तापलेल्या सुईने चांगलं भोक पाडा (हे काम मोठ्यांनी करायचं) आणि रबर ओढा. फुगे जवळपास हलत नाहीत, कारण हवा सोप्या वाटेने भोकातूनच आत येते. छातीला जखम होऊन आवरणांमध्ये हवा शिरली की फुप्फुस असंच मिटतं. गरज पडल्यास डॉक्टर छातीत नळी घालून ती हवा बाहेर काढतात.