चाहूल लागली, की घावलं?

वर्षातून दोन-तीनदा मामांचा फोन ठरलेल्या कारणासाठी येतो. पेपरात आतल्या पानावर ‘शास्त्रज्ञांना नवा कण सापडला?’ अशी चौकट आलेली असते. ती मामा मला पूर्ण वाचून दाखवतात आणि शेवटी विचारतात, ‘‘खरंच घावलाय, का नुसती चाहूल हाय?’’

मामा सांगलीत एसटीत कंडक्टर होते. शिक्षण जुनी अकरावी. 10 सप्टेंबर 2008 ला जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतलं, कणांची टक्कर घडवणारं 27 किलोमीटर घेराचं यंत्र सुरू होणार होतं. टीव्हीवाले जगबुडीच्या बाता मारत होते आणि तासगावच्या गाडीत एका आजीनं त्यांना विचारलं, ‘‘मास्तर, उद्या गाडी सुटंल न्हवं?’’ गाडी सुटली. नऊ दिवसांनी ते यंत्रच बिघडलं आणि वर्षभर बंद राहिलं. तेव्हापासून मामांना हा नाद लागला.

त्यांचा प्रश्न साधा वाटतो, पण पेपरवाल्यांची सगळी गडबड नेमकी तिथंच होते. कणांच्या शास्त्रात ‘पुरावा मिळाला’ आणि ‘शोध लागला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी साधारण तीन सिग्मा लागतात, दुसरीसाठी पाच. बातमीत मात्र दोन्हींना ‘सापडला’ एवढंच म्हणतात.

सिग्मा म्हणजे काय, हे मामांना मी त्यांच्याच तिकिटांवरून सांगितलं. सांगली-तासगाव फेरीला, मधले चढणारे-उतरणारे धरून, सरासरी 100 तिकिटं फाटतात असं समजू. रोज बरोबर 100 फाटत नाहीत. कधी 93, कधी 108. अशा मोजणीत दहा-एक तिकिटांचं वरखाली होणं नेहमीचं, आणि तेवढ्या चढउताराला एक सिग्मा म्हणायचं. म्हणजे 130 तिकिटं झाली की तीन सिग्मा आणि 150 झाली की पाच. मामा लगेच म्हणाले, ‘‘130 झाली तर कुणाचं तरी लगीन आसंल. 150 म्हंजे तासगावचा रथच!’’ (गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीला, तासगावात गणपतीचा रथ निघतो आणि गाड्यांना तुफान गर्दी होते.)

इतर मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं याच्या कोड्यातला हिग्ज कण त्याच यंत्रात असाच सापडला. तो थेट दिसत नाही, जन्मताच फुटतो. कधी कधी त्यातून प्रकाशाचे दोन कण निघतात, पण तसे जोडकण दुसऱ्या शेकडो कारणांनीही निघतच असतात. सगळ्या जोड्यांची ऊर्जा मोजून आलेख काढला की घाट उतरावा तशी उतरती रेघ मिळते. त्या उतारावर 125 गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे कणांची ऊर्जा मोजायचं माप) आसपास नेहमीपेक्षा जास्त जोड्या जमल्या होत्या, म्हणजे बारीकसा उंचवटा. तो योगायोग की रथ, एवढाच प्रश्न होता. डिसेंबर 2011 मध्ये उंचवटा दिसला, पण कुणी शोधाची घोषणा केली नाही. 4 जुलै 2012 ला दोन वेगवेगळे प्रयोग स्वतंत्रपणे पाच सिग्माला येऊन ठेपले, तेव्हा सर्नचे प्रमुख रॉल्फ ह्यूअर म्हणाले की, सामान्य माणूस म्हणून बोलायचं तर तो आपल्याला मिळालाय. म्हणजे त्यांनाही ‘घावलं’ म्हणायला सामान्य माणूस व्हावं लागलं! अधिकृत भाषेत त्याला मार्च 2013 पर्यंत ‘हिग्जसारखा कण’च म्हणत होते.

आता आकडे. निव्वळ योगायोगानं तीन सिग्माचा उंचवटा दिसण्याची शक्यता साधारण 740 मध्ये एक, आणि पाच सिग्माचा 35 लाखांत एक. नाणं उडवायचं तर पहिलं म्हणजे सलग नऊ-दहा छापे आणि दुसरं म्हणजे जवळजवळ बावीस. 740 मध्ये एक हे ऐकायला पुष्कळ वाटतं. पण मार्केट यार्डातल्या हजार माणसांना नाणी उडवायला लावली, तर एखाद्याला सलग दहा छापे पडले म्हणून आश्चर्य वाटायला नको. कण शोधणारे एकाच ठिकाणी पाहत नाहीत. आलेखावर हजारो जागा तपासतात, त्यामुळं कुठंतरी 130 तिकिटांचा दिवस निघतोच.

डिसेंबर 2015 मध्ये असंच झालं. 750 गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ एका प्रयोगाला साडेतीन सिग्माच्या वर काहीतरी दिसलं आणि दुसऱ्यालाही तिथंच अंधूक उंचवटा दिसला. जगभरातून त्यावर पाचशेच्या आसपास निबंध आले. इतर सगळीकडं पाहिल्याचा हिशेब धरला की ते सिग्मा दोनच्या आसपास उरत होते, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. पण एवढी वर्षं काही नवं दिसलं नसताना कुणाचा हात थांबणार? ऑगस्ट 2016 मध्ये जास्त नोंदी जमल्या आणि उंचवटा सपाट झाला.

सांगलीकरांना हे समजायला जड जाऊ नये. आयर्विन पुलाखाली कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा पातळी आणि 45 ला धोका पातळी. 40 म्हटल्यावर आपण सामान माळ्यावर टाकतो, गाडी विश्रामबागेकडं नेऊन लावतो. पण कित्येकदा तिथूनच पाणी उतरतं, म्हणून कुणी ‘पूर आला’ असं सांगत सुटत नाही. शिवाय या रेषा पाणी बघून आखलेल्या नाहीत, त्या आधीच ठरलेल्या आहेत. पाच सिग्माही तसाच आधी ठरवलेला दंडक आहे.

इथवर मामांना पटलं. मग ते म्हणाले, ‘‘म्हंजे हिग्ज खोटा असायची शक्यता 35 लाखांत एक, आसंच ना?’’ नाही. शिकलेली माणसंही इथंच घसरतात. 35 लाखांत एक ही ‘रथ नसताना गाडीला एवढी गर्दी होण्याची’ शक्यता आहे. ‘एवढी गर्दी दिसल्यावर रथ नसण्याची’ शक्यता हा निराळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आज पंचमी आहे की नाही यावरही ठरतं. हिग्जची पंचमी होती. 1964 पासून लोक त्याची वाट पाहत होते. 750 चा कण कुणाच्या पंचांगात नव्हता.

सिग्मा फक्त योगायोगापासून राखण करतो. तिकीट मशीनच बिघडलं असेल तर तो काय करणार? 2011 मध्ये सर्नहून इटलीकडं जमिनीखालून 730 किलोमीटर धाडलेले न्यूट्रिनो (कशालाही न अडणारे अतिहलके कण) प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचल्याचं मोजलं गेलं, तेही सहा सिग्मानं! आइन्स्टाइन चुकला म्हणून पेपरांनी धुरळा उडवला. प्रयोगवाल्यांनी मात्र ‘आमचं कुठं चुकतंय ते सांगा’ असंच म्हटलं होतं. पुढं फायबरची एक वायर नीट बसली नव्हती असं निघालं. मामांना या गोष्टीचं फार हसू येतं. शंभर बिघडलेल्या मशीन हाताळलेला माणूस तो.

मामांच्या वहीत 2012 ची चौकट चिकटवलेली आहे, शेजारी ‘घावलं’ असं लिहिलंय. 2015 च्या चौकटीवर काट. एप्रिल 2021 च्या चौकटीची जागा मात्र कोरी आहे. अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेचं आणि आधीच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेचं मोजमाप एकत्र धरलं, तर म्युऑनचं (इलेक्ट्रॉनच्या जड भावाचं) चुंबकत्व अपेक्षेपेक्षा 4.2 सिग्मानं वेगळं भरलं होतं. तीनच्या वर, पाचच्या खाली. नंतर मोजमाप आणखी पक्कं झालं, पण 2025 मध्ये तज्ज्ञांनी गणित नव्यानं मांडलं आणि अपेक्षित आकडाच मोजलेल्या आकड्याजवळ सरकला. हे सांगितल्यावर मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हंजे गर्दी बरोबर हुती. आपलं रोजचं 100 च चुकीचं धरलं हुतं व्हय?’’